कातडं कमावताना केस का सुटतात?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर उत्तम, आणि जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवून घ्या. आजचा विषय कातड्याचा आहे.

झालं असं की मागे टॅक्सिडर्मीवर थोडं बोललो होतो, तेव्हा एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, बोकडाचं कातडं केसांसकट कमवायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुरटीच्या पाण्यात ठेवल्यावर केसांचे पुंजके हातात आले. तुरटी किती घ्यायची ते सांग ना."

प्रश्न साधा वाटतो. पण मी वाचत गेलो, लोकांशी बोललो, स्वतः करून बघितलं, आणि लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर तुरटीत नाहीच. आपण सॉफ्टवेअरवाले रोज हेच बघतो. ॲप रात्री अकरा वाजता पडतं, पण त्याचं कारण दुपारी तीन वाजता कुणीतरी लिहिलेल्या एका ओळीत असतं. कातड्याचंही तसंच आहे. केस सुटलेले दिसतात टॅनिंगच्या बादलीत, पण ते सुटायचं ठरलेलं असतं त्याच्या कितीतरी आधी, प्राणी मेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. आज एवढं एकच नीट समजून घेऊ.

केस धरून कोण ठेवतं?

आधी शब्द. टॅनिंगला मराठीत 'कातडं कमावणं' म्हणतात. कच्चं कातडं कुजतं, कमावलेलं टिकतं. टॅक्सिडर्मी म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं केसांसकट कमावून, ते साच्यावर चढवून, प्राणी जिवंतपणी दिसायचा तसा उभा करणं. लोकांना वाटतं आत पेंढा भरतात. आता तसं नसतं. आत बहुतेक वेळा फोमचा देह असतो, डोळे काचेचे असतात. समोर उभ्या असलेल्या वाघात खऱ्या वाघाचं म्हणावं असं जवळजवळ एकच काही असतं, ते म्हणजे कातडं. त्याचेच केस गेले तर उरलं काय?

आता कातडीची रचना बघा. वर एक पातळ थर, बाह्यत्वचा. तिच्याखाली जाड, चिवट थर, अंतस्त्वचा. चामडं म्हणून जे आपण वापरतो तो हा खालचा थर, कोलॅजनच्या धाग्यांचा. केस खालच्या थरात खोल रुतलेला असतो, पण तो ज्या बारीक पिशवीत बसतो त्या पिशवीचं अस्तर वरच्या थराचं असतं. म्हणजे बाह्यत्वचाच आत वळून खाली गेलेली असते आणि तिने केस धरून ठेवलेला असतो.

केस स्वतः केराटिनचा, भलताच टिकाऊ. कोलॅजनही चिवट. पण या दोघांना जोडणारा जो नाजूक पेशींचा थर आहे, तो सगळ्यात आधी खराब होतो. प्राणी मेला की त्याच्या पेशींमधलीच विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्या पेशी पचवायला लागतात. त्यात जिवाणूंची भर पडते. केस तुटत नाही, त्याच्याखालची पकडच विरघळते. इंग्रजीत याला 'स्लिप' म्हणतात, आपण 'केस सुटणं' म्हणू.

गंमत अशी की चप्पल-बॅगांचं चामडं बनवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात, केस सैल होतात, मग ते खरवडून काढतात आणि त्यानंतर बाभळीची साल, हिरडा यांनी कातडं कमावतात. चुन्याखेरीज आणखी एक जुनी पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी होती. कातडी उबदार, दमट खोलीत टांगून ठेवायची आणि जिवाणूंना त्यांचं काम करू द्यायचं. दोन-चार दिवसांत केस आपोआप सैल.

आता विचार करा. उबदार, दमट, बंद जागा. मे महिन्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाइकच्या डिकीत टाकलेलं कातडं! केस काढायचा कारखानाच आपण स्वतःच्या हाताने सुरू करतो, आणि मग तुरटीला दोष देतो.

६५,५३६ चा हिशोब

कॉम्प्युटरवाल्यांना हा आकडा पाठ असतो. दोनाचा सोळावा घात.

चांगली ऊब, ओल आणि खाणं मिळालं तर अनेक जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. आपण सोयीसाठी अर्धा तास धरू. एका तासात एकाचे चार. चार तासांत एकाचे २५६. आठ तासांत एकाचे ६५,५३६. प्रत्यक्षात वाढ इतकी सरळ नसते, सुरुवातीला त्यांना रुळायला वेळ लागतो, पुढे खाणंही संपतं. पण उशिराची किंमत सरळ रेषेत का वाढत नाही, ते यातून कळतं. पहिला एक तास आणि आठवा एक तास सारखे नाहीत.

हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. माझे मामा माण तालुक्यात असतात. वैशाखात त्यांच्याकडे घरच्या कार्यासाठी बोकड कापलं, तेव्हा मी कातडं मागून घेतलं. खाटकाने मला विचित्र नजरेने बघितलं, ते चालायचंच. मी कातड्याचे तीन आडवे पट्टे केले, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात पाठही आली आणि पोटही. पहिल्या पट्ट्याला अर्ध्या तासात मीठ लावलं. दुसरा सावलीत पसरून ठेवला, चार तासांनी मीठ. तिसरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गोठ्याच्या कोपऱ्यात, आठ तासांनी मीठ. मामा बघत होते. म्हणाले, "मटान थांबंल येक वेळ, कातडं न्हाय थांबायचं."

रात्री तिन्ही पट्टे शेजारी शेजारी ठेवले, तर वरून काही फरक नाही! तिसऱ्याला थोडा वास होता, बस. केस तिघांचेही जागेवर. दोन दिवसांनी मिठातून काढले, तरी बघणाऱ्याला तिन्ही सारखेच वाटले असते. फरक दिसला पुण्यात, बाल्कनीतल्या आम्लाच्या बादलीत, दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला की केसांचा पुंजका निघायचा, बुडाशी ओलसर पातळ पापुद्रा चिकटलेला. दुसऱ्याची पाठ शाबूत, पोटाकडचे केस मात्र सुटले. पहिला पट्टा आजही माझ्या टेबलावर आहे, ओढून बघितला तरी घट्ट.

मीठ एक, आम्ल एक, बादली एक. बदललं होतं ते फक्त मीठ लागेपर्यंतचं वाट बघणं. आणि म्हणूनच लोक फसतात. नुकसान झालेलं असतं, पण ते दिसत नसतं. दिसतं तेव्हा हातात तुरटी असते.

मग करायचं काय?

क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, गार करा. प्राणी मेला तरी त्याच्या शरीरातली ऊब लगेच जात नाही, आणि अंगावरचे केस म्हणजे घोंगडीच. ती ऊब आत कोंडून ठेवतात. म्हणून शक्य तितक्या लवकर सोलून, कातडं सावलीत, मोकळ्या हवेत पसरायचं. ढीग करायचा नाही, पिशवीत बांधायचं नाही, उन्हात टाकायचं नाही. पोट, काखा, जांघा इथले केस सहसा आधी सुटतात. तिथे कातडी पातळ असते आणि पोटाला तर आतड्यांतल्या जिवाणूंचा शेजार.

सोलायला वेळ नसेल तर फ्रीझर. पण अख्खा प्राणी केसांसकट फ्रीझरमध्ये टाकला की बाहेरून कडक होतो आणि आत बराच वेळ गरमच राहतो. त्यापेक्षा सोलून, पातळ घडी करून ठेवलेलं कातडं भराभर गोठतं. बाहेर काढतानाही लक्ष ठेवा. कडा वितळून गरम होत बसल्या आणि मधला भाग अजून बर्फ आहे, असं होऊ द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट, मांस आणि चरबी काढा. आतल्या बाजूला चिकटलेलं सगळं बोथट सुरीने खरवडून काढायचं. चरबीतून मीठ आत जात नाही. तुम्ही वरून किलोभर मीठ ओता, चरबीखालचा भाग कोरडाच, म्हणजे मिठाविना, राहतो. चेहऱ्याचं काम सगळ्यात किचकट. कान आतून उलटे करायचे, ओठ आतून चिरून उघडायचे, पापण्या, नाक आणि पंजाची बोटं यांच्यातलं मांस काढायचं. डोक्यासकट माउंट करायच्या प्राण्यात केस सुटण्याच्या तक्रारी या जागांवर फार येतात, कारण तिथे मीठ पोचलेलंच नसतं.

तिसरी गोष्ट, मीठ. बारीक, कोरडं, साधं मीठ. कातड्याच्या वजनाइतकं घ्यायला हरकत नाही, इथे कंजूषी महागात पडते. आतल्या बाजूला चोळून चोळून लावायचं, कडेपर्यंत. मग कातडं थोड्या उतारावर ठेवायचं, म्हणजे सुटलेलं पाणी वाहून जाईल. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर पाणी कसं सुटतं, तेच इथे होतं. मीठ पेशींतलं पाणी बाहेर खेचतं, आणि पाण्याशिवाय जिवाणूंचं काही चालत नाही. खारा बांगडा टिकतो तो याच कारणाने.

एका दिवसाने ओलं झालेलं मीठ झटकून टाकायचं आणि नवीन लावायचं. जुनं मीठ पुन्हा वापरू नका. मिठातच मजेत जगणारे काही सूक्ष्मजीव असतात, ते वापरलेल्या मिठातून पुढच्या कातड्यावर जातात आणि त्यावर लालसर डाग पडतात.

चौथी गोष्ट, आम्लाचं पाणी. याला 'पिकल' म्हणतात, पण आपलं तेलाचं लोणचं डोळ्यांसमोर आणू नका. हे मीठ आणि आम्ल घातलेलं पाणी. घरगुती प्रमाण सांगतो. एक लिटर पाण्याला साधारण १२० ग्रॅम मीठ आणि २० ते २५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व. पीएच अडीचच्या खाली हवा, दोनच्या आसपास असेल तर छान. इतक्या आंबट पाण्यात केस सोडवणाऱ्या जिवाणूंची वाढ थांबते. पीएच मोजायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात, त्या घ्याच. अंदाजाने चालणारं काम नाही हे. पीएचमधला एकचा फरक म्हणजे आम्लतेत दहा पटींचा फरक.

आणि क्रम चुकवू नका. आधी पाण्यात मीठ विरघळवायचं, मग आम्ल, मग कातडं. मीठ नसलेल्या आम्लात कातडं फुगतं, जेलीसारखं होतं, आणि त्या ताणानेच कमकुवत होतं. कातडं मिठात वाळून कडक झालेलं असेल तर ते मऊ करायला साध्या पाण्यात रात्रभर टाकू नका. साध्या पाण्यात मीठ धुऊन जातं आणि जिवाणूंना पुन्हा मोकळं रान मिळतं. थंड मिठाच्या पाण्यात, लवचिक होईल तेवढाच वेळ ठेवायचं आणि लगेच आम्लात. उन्हाळ्यात बादलीत बर्फाच्या बंद बाटल्या सोडा. मी तेच केलं होतं.

साधारण तीन दिवस ठेवा, रोज हलवा, रोज पीएच बघा. जाड भाग राहिले असतील तर बाहेर काढून तासून पातळ करा आणि परत आत टाका. मग खायच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात, लिटरला ७-८ ग्रॅम, १५-२० मिनिटं. इथे आम्ल कमी करायचं असतं. सोडा जास्त झाला किंवा वेळ जास्त गेला तर पारडं उलटं झुकतं आणि सांभाळून आणलेले केस इथे सैल होऊ शकतात.

पाचवी गोष्ट, कमावणं. आता कुठे तुरटी आली बघा! तुरटीने कमावणं फार जुनं आहे. कातडं पांढरं आणि मऊ होतं. पण भिजलं की तुरटी धुऊन जाते, म्हणून घरात ठेवायच्या वस्तूला ठीक. आजचे टॅक्सिडर्मिस्ट बहुतेक तयार, कृत्रिम टॅनिंग रसायनं वापरतात. काहीही वापरा, एक लक्षात ठेवा. टॅनिंग कोलॅजनला पक्कं करतं. सुटलेल्या केसाची पकड परत आणणारं रसायन नाही.

केस निघाले म्हणजे सुटलेच का?

नाही. तीन प्रकार ओळखा. जनावर ऋतूप्रमाणे केस टाकत असेल तर सुटे केस सगळीकडून थोडे थोडे निघतील, खालची कातडी ठीक असेल. केस मधूनच तुटत असतील, बुडखा कातडीतच राहत असेल, तर कीड लागली आहे किंवा केसच खराब झालेत. पण पुंजक्याने निघाले, बुडाशी पापुद्रा आला, खालची जागा गुळगुळीत दिसली, तर ते सुटणं.

असं दिसलं तर चोळत, ओढत बसू नका. कातडं ताबडतोब थंड, खारट आम्लात. सुटलेलं परत येणार नाही, पण शेजारचं वाचेल. पुढे टॅक्सिडर्मिस्ट लोक केस चिकटवून डागडुजी करतात, पण ती डागडुजीच.

दोन गोष्टी, अगदी गंभीरपणे

एक, तब्येत. हातमोजे घाला, भांडी स्वयंपाकघरातली नकोत, ॲल्युमिनियमची तर अजिबात नकोत. आणि अचानक मेलेलं जनावर, विशेषतः नाका-तोंडातून रक्त आलेलं, कधीही सोलू नका. अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी, असू शकतो. तो कातड्यातून आणि केसांतून माणसाला होतो. पशुवैद्यकाला बोलवा आणि लांब राहा.

दोन, कायदा. हे सगळं बोकड, मेंढी अशा पाळीव जनावरांपुरतं. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यातला संरक्षित वन्यप्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारची मालमत्ता असतो. रस्त्यावर गाडीखाली आलेलं रानमांजर उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे. 'मी मारलं नाही, फक्त उचललं' हे चालत नाही. वन विभागाला कळवा.

एके काळी चित्र वेगळं होतं. मैसूरची व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेन ही फर्म १९०० च्या सुमाराला सुरू झाली, आणि राजेरजवाडे, साहेब लोक यांनी मारलेले वाघ-बिबटे तिथे माउंट होत. १९७२ नंतर शिकारीचा तो काळ संपला, १९९९ मध्ये ती फर्मही बंद झाली. संपला ते बरंच झालं. पण त्याबरोबर हे कौशल्यही आपल्याकडून जवळजवळ गेलं.

ते परत आणायचं काम आपल्या मुंबईत झालं, हे फार जणांना माहीत नसतं. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झालं. त्यामागे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड आहेत. शिकारीच्या ट्रॉफ्यांशी या कामाचा संबंध नाही. प्राणिसंग्रहालयात वयाने किंवा आजाराने मेलेला प्राणी, रीतसर परवानगीने, शाळेतल्या पोरांना बघता यावा म्हणून उभा करायचा.

आता तिथे केस सुटण्याचा प्रश्न किती मोठा होतो बघा. बोकडाचं एक कातडं गेलं तर मी पुढच्या कार्याची वाट बघीन. वाघ गेला तर दुसरा वाघ कुठून आणणार? प्राणी पहाटे मरतो. मग पशुवैद्यक येतात, शवविच्छेदन होतं, पंचनामा होतो, परवानग्या लागतात. हे सगळं आवश्यकच आहे. पण कातड्याचं घड्याळ पंचनाम्यासाठी थांबत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे आठ तास म्हणजे माझ्या गोठ्यातल्या पिशवीपेक्षा वाईट. टॅक्सिडर्मिस्ट कितीही हुशार असला, तरी त्याच्या हातात कातडं येतं तेव्हा निकाल बराचसा लागलेला असतो. तो लागतो पिंजऱ्याजवळ पहिल्यांदा पोचलेल्या माणसाच्या हातात. शव सावलीत हलवलं का, बर्फ लावला का, सोलल्यावर मीठ तयार होतं का?

टॅक्सिडर्मिस्टचं नाव पाटीवर येतं. ज्या कर्मचाऱ्याने भर दुपारी धावपळ करून बर्फाच्या लाद्या आणल्या, त्याचं येत नाही. पण काचेपलीकडच्या त्या प्राण्याच्या कानावर, पोटावर, ओठांच्या कडेला केस जागेवर दिसले, तर समजा की कुणीतरी पहिल्या तासात बरोबर वागलं होतं.

तेव्हा तुरटीच्या प्रमाणाची चिंता करण्याआधी एकच करा. सुरी लावण्याच्या आधी मीठ आणून ठेवा. भरपूर, कोरडं, हाताशी. बाकी सगळं शिकता येतं, तो तास परत मिळत नाही.

प्रश्न असतील तर पाठवा, पीएचच्या पट्टीचा फोटो पाठवलात तर आणखी उत्तम. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, करून बघत राहा!